चढवलेलं वय

लालासाहेब हवालदारांच्या गावात निम्मी पोरं एक जूनला जन्मलेली होती. शाळेच्या रजिस्टरात तरी तसंच होतं. जून लागला की बापाने पोराचं बखोट धरून शाळेत न्यावं आणि बाप सांगेल ते साल गुरुजींनी लिहावं, अशी तिथली रीत. गाव कृष्णाकाठचं, ऊस चांगला, तरी घरटी एक माणूस पलटणीत. पोरगं लवकर भरतीला उभं राहावं म्हणून त्याचं वय दोन वर्षांनी चढवायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. लालासाहेब स्वतः असल्याच चढवलेल्या वयावर भरती झाले होते. चोवीस वर्षं इमानाने नोकरी करून, पेन्शन घेऊन ते घरी आले.

त्रेसष्टच्या जूनमध्ये रजेवर आले असताना ते थोरल्याला, अर्जुनाला, शाळेत घालायला गेले. पोरगं चार वर्षांचंही नव्हतं, पण हाडापेराने दणकट. नाथाजी गुरुजींनी विचारलं, "किती लिहू?" "सहा पुरी," लालासाहेब म्हणाले. गुरुजींनी तारीख घातली, एक जून सत्तावन्न. तेवढ्यात पोराने शाळेच्या पायरीवरच लघवी केली. सहा वर्षांचा गडी म्हणून दोघंही पोट धरून हसले.

खोटं बोलणाऱ्या माणसाचा लालासाहेबांना तिटकारा होता, हेही सांगायला पाहिजे. बांधाचं भांडण असो, वाटणी असो, गावात साक्षीला त्यांनाच बोलवत. हवालदार बोलले की विषय संपला. शाळेत आपण बोललो ते खोटं होतं, हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नाही.

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका दुपारी अर्जुना उसाला पाणी पाजत होता. शेजारच्या रानातला गुंडा येऊन म्हणाला, पाळी आमची. गुंडा पंचविशीतला, गेल्याच साली लग्न झालेलं. शब्दाने शब्द वाढला, गुंडाने बापावरून शिवी दिली, आणि अर्जुनाने हातातलं खोरं उचलून त्याच्यावर घातलं. एकदा नाही, दोनदा. दुसरा घाव गुंडा खाली पडल्यावर घातला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी गुंडाचा जीव वाचवला, पण उजवा हात कोपरापासून लुळा पडला तो कायमचाच.

लालासाहेबांनी पोराचा दंड धरला आणि त्याला स्वतः पोलिसांच्या ताब्यात दिलं. गावाने तोंडात बोटं घातली. असा बाप पाहिजे, असं चार ठिकाणी बोललं गेलं. ते शब्द लालासाहेबांच्या कानावर आले आणि त्या तसल्या दिवसांतही त्यांना ते गोड लागले. पुढे याच गोष्टीची त्यांना सगळ्यात जास्त शरम वाटायची.

सांगलीच्या वकिलांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून बघितलं. "हवालदार, मुलगा खरंच सतरा पूर्ण आहे? सोळाच्या आत असेल तर खटला मुलांच्या कोर्टात जाईल. तिथून सुधारगृहात पाठवतात. शाळा असते, सुतारकाम शिकवतात, बरोबरीची पोरं असतात. नाहीतर मोठ्या तुरुंगात, मोठ्या माणसांत. रजिस्टरातली तारीख चुकीची असेल तर तुम्ही शपथेवर सांगा. डॉक्टर हाडं तपासतील."

"मी खोटं लिवलं म्हणून सांगू?" लालासाहेबांनी विचारलं.

"खरं काय ते सांगा."

घरी येऊन त्यांनी हे बायकोला, राहीबाईला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच. "आवं, चिनी लढाईच्या वक्ताला तीन वर्साचं हुतं की त्ये! सांगा जावा. आत्ता जावा!"

"गप ऱ्हा. गुरुजींची नोकरी जाईल. माजी पेन्शनबी जाईल. गावात काय त्वांड दाखवू?"

"आन् पोराचं काय?"

"पलटणीनं मला मानूस केलं. तुरुंगबी तसंच हाय. सकाळी उठवत्याल, कामाला लावत्याल. सरळ हून भाईर येईल."

बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते पटलं. जरब, शिस्त, वेळेवर जेवण, अंगाला काम. पोराला दुसरं काय लागतं? रात्री अंथरुणावर मात्र झोप लागायची नाही. तेव्हा ते कूस बदलायचे आणि पुन्हा पलटणीचा विचार करायचे.

कोर्टात गुंडाची साक्ष झाली. लुळा हात दुसऱ्या हाताने सावरत तो म्हणाला, "सायेब, माजा हात ग्येला. त्येची सजा त्येला व्हायाच पायजे. पर पोरगं हाय त्ये. मोट्या मानसांत नगा घालू." न्यायाधीशांनी अर्जुनाकडे नीट पाहिलं. ओठावर मिसरूडही फुटलेलं नव्हतं. मग त्यांनी बापाला पुढे बोलावलं. "मुलाचं वय काय? विचार करून सांगा."

ज्याचा हात गेला त्याने दार उघडून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. मागच्या बाकावर राहीबाई पदर तोंडात धरून बसली होती. लालासाहेबांच्या टाचा आपोआप जुळल्या. "रजिस्टरात हाय त्येच खरं, सायेब. एक जून सत्तावन्न."

पाच वर्षं सक्तमजुरी झाली.

पहिल्या भेटीला जाळीपलीकडून अर्जुनाने विचारलं, "आबा, हितं काय शिकायचं असतंय?" लालासाहेब म्हणाले, "शिस्त." पोराने मान डोलावली. दुसऱ्या भेटीला तो सतरंज्या विणतो म्हणाला. तिसऱ्या भेटीला त्याच्या भुवईवर खोक होती. पडलो, एवढंच सांगितलं. पुढे पुढे तो भेटीला आला की आधी खोलीत कोण कोण आहे ते बघायचा, मग बापाकडे. आवाज फुटला, मिशा आल्या, हसणं गेलं. लालासाहेब घरी येऊन राहीबाईला सांगायचे, बरा हाय. खटला संपल्यापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीआधी ते भेटीला गेले, तेव्हा अर्जुना आपणहून बोलला.

"गेल्या साली एक वकील आलं हुतं, आबा. बारक्या पोरांच्या केशी बगत हुतं. मला बगून म्हनलं, तुजं वय खोटं वाटतंय. खरं सांग, अर्ज करतो, हितनं हलवत्याल."

लालासाहेब जाळीजवळ सरकले. "मग? काय सांगिटलंस?"

"रजिस्टरात हाय त्येच खरं म्हनलं." अर्जुनाने खांदे उडवले. "तुमी कोडतात शपतंवर सांगिटलेलं. मी तुमास्नी खोटं पाडू व्हय?"

त्याच्या आवाजात राग असता तर लालासाहेबांनी तो झेलला असता. राग नव्हताच. दोन वर्षांत आपल्या पोराने बापाची अब्रू राखायला शिकून घेतलं होतं, आणि त्यापायी तो मोठ्या माणसांत पडून राहिला होता. हवालदारांना वाटलं, आत्ता या जाळीवर डोकं आपटावं. त्यांनी तसं काही केलं नाही. ते वळले आणि तसेच जेलरच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"सायेब, मी कोडतात खोटं बोललो. माज्या पोराचं वय दोन वर्सांनी चढवलेलं हाय."

जेलर वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. "हवालदार, हे तेव्हा बोलला असता तर पोरगं इथं आलंच नसतं. आता तो खराच अठराचा झाला असेल. आता कुठं पाठवायचा त्याला?"

"माज्यावर खटला घाला. पर लिवून घ्या, सायेब. मी खोटा हाय म्हनून लिवून घ्या."

जेलरनी कारकुनाला हाक मारली. कारकुनाने कागद पुढे ओढला, नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "मुलाची खरी जन्मतारीख?"

लालासाहेबांनी तोंड उघडलं. जिभेवर एक जून आला, तो त्यांनी गिळला. दुसरी तारीखच त्यांना माहीत नव्हती. पोरगं झालं तेव्हा ते सरहद्दीवर होते. घरचं पत्र आलं होतं, पण त्यात काय लिहिलं होतं ते आठवेना. आणि नंतर इतक्या वर्षांत कधी विचारावं असंही वाटलं नव्हतं.

"सांगा ना," कारकून म्हणाला.

लालासाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "म्हायीत न्हाई, सायेब," ते म्हणाले. "घरी जाऊन पोराच्या आईला इचारून येतो."