अण्णांच्या घरची जर्मन बाई

मिरची कांडपाच्या गिरणीत सारा जन्म गेल्यामुळे अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचा. पण स्वतःच्या घरात पाऊल टाकलं की हा माणूस कुजबुजायला लागायचा. बँकेत नोकरी लागून मी कोल्हापुरात आलो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं बघायला गेलो. दारात 'नमस्कार' म्हणालो, तर त्यांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू की वो पावणं! बाई झोपल्यात."

बाई कोनाड्यात झोपल्या होत्या. भाजलेल्या मातीची, वर काचेसारखी हिरवी-तपकिरी झिलई दिलेली एक गुबगुबीत बाई घड्याळाच्या तबकडीवर गाल टेकून पहुडली होती. घड्याळ जुनं, जर्मनीचं. एका इनामदाराचं सामान विकायला निघालं, तेव्हा अण्णा पलंग आणायला गेले आणि हिला घेऊन आले.

"पलंगावर मी झोपलो असतो, आता ह्या झोपत्यात," ते म्हणायचे. "कुणीतरी झोपलं म्हंजे झालं की!"

मिरचीची पूड बसू नये म्हणून ते रोज मलमलीच्या फडक्यानं बाईंचं तोंड पुसायचे. टोले मात्र मनाला येतील तेवढे पडायचे. त्यावर अण्णांचं उत्तर तयार असे, "झोपंत मोजत्यात. चुकणारच."

अण्णांची बायको कधीच वारली होती. घरात एकुलती मुलगी, सुमन. तिला बघायला कागलहून मंडळी आली. मुलगा सुमनच्या मनात भरला होता, त्यामुळे अण्णांचा जीव टांगणीला लागलेला. आधाराला म्हणून त्यांनी मलाही शेजारी बसवलं. मुलाच्या वडिलांनी बसता बसता खणखणीत आवाजात पाऊसपाण्याची चौकशी केली.

"जरा दमानं," अण्णा कुजबुजले. "बाई झोपल्यात."

मुलाच्या आईनं पदर सावरला. "कोण बाई? मालकीणबाई वारल्या म्हणून सांगितलं हुतं की!"

"ती गेली. ह्यास्नी मागनं आणलं. जर्मनीच्या हायत."

मुलाचे वडील ताडकन उठले. "घरात परदेशी बाई ठेवल्याली, आन आमास्नी कळवलं बी न्हाय!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण घाबरलेल्या अण्णांनी आणखी भर घातली. "लई गरीब हायत वो. एका जागी पडून असत्यात. तोंड तेवढं पुसावं लागतंय."

"आजारी बी हाय!" मुलाची आई किंचाळली.

तेवढ्यात पोहे घेऊन सुमन बाहेर आली. बशा खाली ठेवून तिनं कोनाड्यातल्या बाई उचलल्या आणि थेट होणाऱ्या सासूच्या मांडीवर दिल्या. "ही बघा आमची बाई."

आधी मुलगा हसला. इतका, की त्याला ठसका लागला. त्याची आई मात्र मांडीवरच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. मग मुलाकडे वळून ती हलक्या आवाजात म्हणाली, "गप रं. खरंच झोपलीया."

लग्न ठरलं. पाठवणीच्या दिवशी अण्णांनी बाईंनाही गोधडीत गुंडाळून सुमनबरोबर धाडलं. एवढं जिवापाड जपलेलं घड्याळ त्यांनी देऊन टाकलं, याचं गल्लीला भारी नवल वाटलं.

पण पुढच्याच रविवारी अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून कागलच्या एसटीला निघाले. मग त्याच्या पुढच्या रविवारीही. लेकीच्या सासरी असं सारखं जाणं तेव्हा बरं दिसत नसे. मी तसं आडून सुचवलं, तर त्यांनी खिशातून पितळेची चावी काढून दाखवली.

"दर आठवड्याला चावी द्यावी लागती. न्हाय दिली तर घड्याळ बंद पडतंय."

"मग चावीही सुमनकडेच द्यायची होती, अण्णा."

अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमचं लगीन व्हायचंय अजून," चावी खिशात घालत ते म्हणाले. "चावी तिकडं दिली, तर मी कशाला जाऊ?"