शीड उतरवताना

मी गोव्यात डिचोलीच्या शाळेत इतिहास शिकवते आणि पाण्याला भिते. पेडणे-डिचोलीतल्या नववीच्या चौदा मुलींना तीन दिवस शिडाच्या जहाजावर न्यायचं ठरलं, तेव्हा दुसरं कुणी तयार होईना म्हणून मी गेले. वेगवेगळ्या घरांतल्या मुलींनी एकत्र राहायचं, रोज एकीने लीडर व्हायचं आणि त्यावर मी संध्याकाळी धडा घ्यायचा, असा बेत होता.

पहिल्याच दिवशी काहीजणी हरमलच्या मासेमाराच्या मुलीजवळून उठून दुसरीकडे बसल्या. तिच्या पिशवीला मासळीचा वास येतो म्हणे. मी ऐकलं आणि गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी लीडर होती धारगळला बांधकामावर असलेल्या गवंड्याची मुलगी. घरचे बेळगावकडचे, तिला पोहता येत नव्हतं. दुपारी वारा एकदम फिरला. जहाज एका अंगावर इतकं कललं की पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं. सुकाणूवरून कप्तान ओरडला, "पुढचं शीड उतरवा." खलाशी मोठ्या शिडाला भिडले होते. पुढचा दोर मुलींच्या हातात होता.

मी कठडा धरून बसले. चौदा आयांचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

गवंड्याची मुलगी हरमलच्या मुलीकडे वळली. "मला भ्या वाटायलंय. मला ह्यातलं काय कळत नाही. तू सांग, मी सगळ्यांकडनं करून घेते."

हरमलची मुलगी दोराकडेच बघत होती. "तुझो पाय वळशातून काढ," ती एकीला म्हणाली. त्या मुलीच्या घोट्याभोवती दोर पडला होता, आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. तिने पाय काढला आणि तो वळसा सर्रकन ओढला गेला. "आता हळू सोडा. टीचर, तुमी पण धरा." मी धरला. एक सांगत होती, दुसरी नावं घेऊन तेच ओरडत होती. शीड खाली आलं.

वारा पडल्यावर मला उलटी झाली. संध्याकाळी धड्याचा कागद मी उघडला नाही. हरमलच्या मुलीला सगळ्यांसमोर म्हटलं, "काल मी बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

ती लाजली. "वास खरोच येता, टीचर. ती पिशवी मासळी बाजाराची."

पिशवीच्या वासावरून उठून गेलेल्यांपैकी दोघी खाली बघत राहिल्या. एक तिच्याजवळ जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा शीड चढवलं, तेव्हा मला भीती वाटतच होती. गवंड्याच्या मुलीलाही. आम्ही दोघींनी एकच दोर धरला.