बुटक्या चिंचेची बाळंतखोली

माझ्या रुखवतात लाडू-चकल्यांच्या शेजारी एक झाड मांडलेलं होतं. अकोल्याबाहेर बाबांचा फुलांचा मळा होता. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी फुटक्या माठाच्या बुडात एक चिंचोका लावला आणि आलेल्या झाडाला वाढूच दिलं नाही. मुळं छाटायची, शेंडे खुडायचे, फांद्या सुतळीनं वाकवायच्या. सतरा वर्षांची चिंच, पण जेमतेम माझ्या गुडघ्याएवढी. या प्रकाराला म्हणे आता जपानी नाव आहे. आम्ही तिला बुटकी म्हणायचो. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही तिघंच, बाबा, मी आणि बुटकी.

नवरा अमरावतीचा, जंगल खात्यात कारकून, नेमणूक चिखलदऱ्याला. बाबांना मुलगा पसंत, गाव साफ नापसंत. त्या थंडीत पोर गारठून जाईल, असा त्यांचा ठाम समज. भर मांडवात त्यांनी जाहीर केलं, "जावाईबुवा, जिथं माही बुटकी जगत नाई, तिथं माही पोरगीबी राहत नाई. थंडी सरली का गुढीपाडव्याले येतो. झाड मेलं असन त पोरीले घेऊन जाईन."

पाहुणे हसले. मी नाही हसले, कारण बाबा शब्दाला पक्के. थंडीत झाडाचं काय करायचं तेही त्यांनी निघताना मला नीट समजावलं. पण मी तेव्हा एका डोळ्यानं रडत होते आणि दुसऱ्यानं नवऱ्याच्या मुंडावळ्या पाहत होते. एक अक्षर कानात शिरलं नाही.

चिखलदऱ्यात मी सुखानं खुळी झाले. सरळच सांगते, नवरा मला इतका आवडला की भाकरी थापताना हसू यायचं आणि भाकरी तव्याबाहेर पडायची. उन्हाळ्यापुरते वर आलेले अमरावतीचे गोरे साहेब पाऊस लागताच खाली उतरले. उरलो आम्ही, माकडं, गवळीवाडा आणि शेजारच्या नाकेदारीणबाई. जंगलाच्या नाकेदाराची ही बायको. सात बाळंतपणं स्वतःची, बाकी सगळ्या गावाची.

पौषात एका सकाळी गवतावर दव गोठून पांढरं पडलं. बुटकीची पानं मिटलेली, ऊन वर आलं तरी उघडेनात. मी आरडाओरडा करून नाकेदारीणबाईंना बोलावलं. त्यांनी खोडाला हात लावून निदान केलं.

"थंडी भरली इले. बाळंतिणीवानी शेक द्या लागते."

झालं! बुटकी स्वयंपाकघरात आली. दारं-खिडक्या बंद. खाटेवर बुटकी, खाटेखाली शेगडी. दोन्ही वेळा ओव्याची धुरी, पाणी कोमट. शेंड्याला लोकरीचं फडकं, कान उघडे राहायला नकोत म्हणून. डिंकाचे लाडूही झाले. ते बुटकीच्या वतीनं मी खाल्ले. नवरा कचेरीतून आला की विचारायचा, "कशी हाय आज मेव्हणी?" आणि आम्ही पोट धरधरून हसायचो.

ओव्याचा वास वस्तीभर गेला. चौथ्या दिवशी गवळीवाड्यातल्या बाया तूप घेऊन हजर! एकीनं तर बाळाची कुंची शिवून आणलेली. लग्नाला अवघे सात महिने; दुसरी बोटांवर मोजत होती. मी फडकं काढून बाळंतीण दाखवली, तशी कुंचीवाली जमिनीवर बसून हसली. कुंची आम्ही बुटकीलाच घातली.

पुढच्या आठवड्यात बुटकीची सगळी पानं गळाली. शेक चालूच ठेवला. तो थांबवायचा केव्हा, हे नाकेदारीणबाईंनाही सांगता येईना. माघ गेला, फाल्गुन गेला, नुसत्या काड्या. मी नवऱ्याला म्हटलं, "मी नाही जाणार." तो म्हणाला, "तुह्या बापाले नाई म्हननारा अजून जन्माले याचा हाय." त्या दिवशी मात्र आम्ही दोघंही हसलो नाही.

पाडव्याला बाबा आले. मूर्तिजापुराहून छोटी आगगाडी, पुढे घाट बैलगाडीनं. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "कुठं हाय?"

शेगडी, धुरी, कुंची. त्यांनी कपाळावर हात मारला. "हे काहून?"

"थंडी भरली होती. शेक दिला."

"बाळंत झाली काय? मंग लेकरू कुठं हाय?" हसता हसता त्यांना ठसका लागला. "अवं, थंडीत झाडाले निजू द्या लागते. माठाचं बूड मातीत गाडाचं, वरतून सागाचा पाला टाकाचा. तू त इले झोपूच देलं नाई!"

मग ते उकिडवे बसले आणि अंगठ्याच्या नखानं खोड खरवडलं. मी त्यांच्या खांद्यामागून पाहत होते. साल निघाली. खाली ओलं, हिरवंगार.

मी ओरडणार, तोच बाबांनी त्या हिरव्यावर अंगठा ठेवला.

नवरा दाराशी होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नाही, असं बाबांना वाटलं असावं. ते घरभर पाहत राहिले. चूल, दांडीवरचं माझं लुगडं, नवऱ्याचा पडलेला चेहरा. मळ्यातून दुपारी आल्यावर त्यांना पाणी द्यायला आता घरात कोणीच नव्हतं, हे इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच सुचलं. मला माझीच लाज वाटली.

बाबांनी अंगठा उचलला.

"जित्ती हाय," ते म्हणाले. "राह्य माय."

ते अजून पाणी प्यायले नव्हते. मी तांब्या भरून आणला.