ज्याच्यावर राग, त्याचं नाव आधी

आमच्या घरात गरम जेवण कुणाच्या नशिबात नव्हतं. ताटं वाढून झाली की माझ्या सासूबाई, मार्थाबाई, डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटायच्या आणि प्रार्थना सुरू करायच्या. देवाचे आभार दोन वाक्यांत उरकत. मग नावं निघायची. घरातल्यांची, वस्तीवरच्यांची, चर्चमधल्यांची, जुन्नरच्या एसटीत शेजारी बसलेल्या कुणा बाईच्या आजारी लेकीचं. प्रत्येकासाठी काही ना काही मागून होईपर्यंत आमटी कोमट व्हायची, भाकरी वातड व्हायची, आणि मग आमेन यायचं.

मी आण्याच्या पठारावरची, हिंदू शेतकरी घरातली मुलगी. लग्न होऊन डिंगोऱ्यात आले. पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी डोळे मिटले आणि सगळ्यांत आधी नाव घेतलं ते माझं. "प्रभू, सुनंदावर तुझी किरपा राहू दे." पहिला मान मिळाला म्हणून मी एवढी फुशारले की एक भाकरी जास्त खाल्ली. हात धुताना आशिष, म्हणजे माझा नवरा, हळूच म्हणाला, "जास्त खूश होऊ नकोस. आई रागावलीय तुझ्यावर. जिच्यावर राग, तिचं नाव आधी, असं आहे तिचं. दुसरं माझं होतं, ऐकलंस ना?"

रागाचं कारण खरंच होतं. आम्ही त्यांना न सांगता कोर्टात लग्न उरकलं होतं. मला धीर धरवेना. भांडी घासता घासता मी त्यांनाच विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "राग हाये तर हाये. लपवू कशाला? पण ज्याच्यावर राग त्याचं नाव आधी घ्यावं बाई. शेवटाला ठेवलं की भूक लागती, घाई व्हती, आन् नेमकं तेच राहून जातं."

त्यानंतर माझं नाव हळूहळू खाली घसरलं आणि एके दिवशी आमच्या गाभण म्हशीच्याही खाली गेलं. त्या दिवशी मला घरची सून झाल्यासारखं वाटलं.

मार्थाबाईंनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे गावाला त्या 'सिस्टर'. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी पांढरं पातळ नेसून जुन्नरला उपासनेला जात. पाऊस असो, अंग दुखत असो, एसटी चुकली तर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जात. माझ्या देव्हाऱ्याला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही आणि कधी हातही जोडले नाहीत. "तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी. पण अर्धंमुर्धं काय करू नको," एवढंच सांगत.

माझे सासरे गेले ते ऐन पावसाळ्यात. वस्तीवरच्या चार ख्रिस्ती घरांची दफनभूमी ओढ्याच्या कडेला आहे, आणि तिकडे जायची पायवाट आमच्या शेजारच्या बबनरावांच्या शेतातून जाते. बबनरावांनी नुकतीच कांद्याची लागण केली होती. ते बांधावर आडवे उभे राहिले. "रोपं तुडवली जातील. लांबून न्या," म्हणाले. सासऱ्यांची पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लांबच्या रस्त्यानं न्यावी लागली. ट्रॉली चिखलात रुतली. लोक ढकलत होते आणि सासूबाई भर पावसात पेटीवर हात ठेवून बसून होत्या. पुढच्याच आठवड्यात बबनरावांनी त्या पायवाटेवर तारेचं कुंपण घातलं.

तेव्हापासून आमच्या ताटावर पहिलं नाव बबनरावांचं. सकाळ-संध्याकाळ, सणावाराला, नाताळच्या जेवणालासुद्धा. "प्रभू, बबनवर तुझी किरपा राहू दे," हे वाक्य सासूबाई अशा काही आवाजात म्हणायच्या की कृपा करावी की काठी घालावी, असा देवालाही प्रश्न पडावा. एकदा मी वैतागून म्हणाले, "आई, जमत नाही तर सोडून द्या की त्यांचं नाव."

"सोडायला काय लागतं?" त्या म्हणाल्या. "त्याचं नाव घेताना माझं तोंड कडू व्हतं, सुनंदा. पण ते एक सोडलं, तर बाकीची प्रार्थना नुसती बडबड व्हईल. मला एक दिवस प्रभूपुढं उभं राहायचंय. हे मनात ठिवून कशी जाऊ?" एरवी कशालाच न घाबरणाऱ्या त्या बाईला मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

पण नुसत्या कृपेवर त्यांचं भागेना. प्रत्येकासाठी नेमकं काहीतरी मागायची त्यांची सवय. मग मला हुकूम सुटायचे. "बबनचा गुडघा दुखतोय म्हणं. कुठला, डावा का उजवा, इचारून ये." मी म्हणायची, देवाला ठाऊक नसेल का? "देवाला हाये. मला नको का?" मी बबनरावांच्या दारात जाऊन गुडघ्याची चौकशी करायची आणि ते माझ्याकडे संशयानं बघायचे. मग त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं, कांद्याला करपा आला, बोअरचं पाणी आटलं. सगळं आमच्या ताटावर यायचं. लेकीच्या वेळी तर सासूबाई कुणी न बोलावता जाऊन रात्रभर तिच्या उशाशी बसल्या.

कधी ते नक्की सांगता येणार नाही, पण एका जेवणाला बबनरावांचं नाव मधेच कुठेतरी आलं, माझ्या माहेरच्यांच्या नंतर. मी डोळे उघडून पाहिलं. आमेन झाल्यावर मी म्हणाले, "आई, कुंपण तर तसंच आहे."

"हाये की," त्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "त्याचं त्याच्यापाशी. माझं सुटलं." आणि लई दिवसांनी आमटीला मीठ बरोबर पडलंय म्हणाल्या.

यंदा हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. पुण्याच्या डॉक्टरकडे जायचं सोमवारी ठरलं होतं. शनिवारी दुपारी मी खुरपणीला निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "येताना मेथी आण." मेथी घेऊन आले तर त्या खाटेवर कुशीवर होत्या, आणि अंग गार पडलं होतं.

जुन्नरहून चर्चचे पाळक आले. ट्रॅक्टर सांगावा का, अशी कुजबुज चालली होती. तेवढ्यात बबनराव लंगडत आले. हाताला तारेचे ओरखडे होते. "इकडनं चला," एवढंच म्हणाले आणि पेटीला खांदा द्यायला पुढं झाले. कांदा ऐन भरात होता. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

आमची चूल त्या दिवशी पेटली नाही. बबनरावांच्या घरून पिठलं-भाकरी आली. ताटं वाढली, पण कुणी हात लावेना. सगळे सवयीनं थांबले होते. मग मी डोक्यावर पदर घेतला. गेलेल्या माणसांची नावं सासूबाई घेत नसत. "ते घरी पोचले, आता त्यांच्यासाठी काय मागायचं?" म्हणत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून पहिलं नाव आलं, "प्रभू, मार्थाबाईंवर तुझी कृपा राहू दे."

आशिषनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "रागावलीस?"

"हो," मी म्हणाले. "न सांगता गेल्या."

मग मी पुन्हा डोळे मिटले आणि बाकीची नावं घेत बसले. आमेन म्हणेपर्यंत पिठलं पार गार झालं होतं.