कुरडईनं दिलेला दाखला

सावळीराम पुंजाराम बोराडे. वय अंदाजे छप्पन्न. मूळ गाव तालुका नांदगाव, हल्ली मुक्काम एकलहरे रस्ता. पदनाम : अर्धवेळ माळी, वर्षाच्या कराराने. शिक्षण : सहावी, अपूर्ण. तांत्रिक ज्ञान : निरंक. कर्तव्ये : सोसायटीतील झाडांना पाणी देणे व पदाधिकारी सांगतील ती अन्य कामे. अधिकार : नाहीत.

सोसायटीच्या फायलीत सावळीराम एवढाच आहे.

फायलीत नसलेली बाब अशी, की कुठलंही झाड लावण्याआधी तो घरातल्या बाईला विचारतो, "तुमच्याकडं कुरडई कुठं वाळती?" एका दिवसात खडखडीत वाळत असेल, तर तिथं गुलाब. दोन दिवस लागत असतील, तर अबोली. कुरडईला वास येत असेल, तर नेचा नाहीतर अळू. जमिनीची परीक्षा वेगळी : हातभर खड्डा, त्यात बादलीभर पाणी आणि सावळीरामच्या तळहातावर तंबाखू. तंबाखू मळून होण्याआधी पाणी जिरलं, तर शेणखत वाढवायचं. तोंडातली थुंकून झाली तरी डबकं तसंच असेल, तर निमूट कर्दळ लावायची.

या पद्धतीनं आसपासच्या तीन-चार सोसायट्यांतली झाडं जगली. त्यामुळे तिला शास्त्र समजण्याची चूक सावळीरामसकट सर्वांनी केली.

गेल्या एप्रिलात इमारतीमागच्या, उत्तरेकडच्या पट्ट्यात गुलाब लावायचं ठरलं. पहिल्या मजल्यावरच्या बयाबाई वाळवणं तिथंच घालतात. "सकाळी घातल्या की संध्याकाळी डब्यात," त्या म्हणाल्या. सावळीरामनं अकरा गुलाब लावले. पावसाळ्यापर्यंत ते फुललेही. दिवाळीनंतर पट्ट्यावर ऊन येईनासं झालं. फांद्या उंच आणि बारीक वाढल्या, पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, आली. द्राक्षांच्या या जिल्ह्यात भुरीचं नाव माणसं आवाज उतरवून घेतात.

सोसायटीचे सेक्रेटरी खंडेराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांनी सभा बोलावली.

"सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी आपल्या बागेतली फुलं दिसली पाहिजेत. नाहीतर जानेवारीअखेर करार संपतोय. तो पुढं चालवायचं कारण मला तरी दिसत नाही."

"तिथं ऊनच नाय, साहेब," सावळीराम म्हणाला.

"उन्हाचा दाखला तूच दिला होतास."

"कुरडईनं दिला व्हता."

"माझ्या कुरडईला मध्ये आणू नका," बयाबाई म्हणाल्या. "ती चैत्रात वाळली. थंडीत कोण घालतं वाळवण?"

 कुरडया उन्हाळ्यातच घालतात, म्हणून त्या उन्हाळ्याचंच ऊन सांगतात, हे सावळीरामला छप्पन्नाव्या वर्षी, भर सभेत कळलं. नांदगावकडची घरं बुटकी. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला तरी त्यांची सावली अंगणभर पसरत नसे. चार मजल्यांची इमारत त्याच्या पद्धतीत धरलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तो सोसायटीतल्या रंगनाथकाकांच्या मागे लागला. काका त्र्याऐंशीचे. थंडीत सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन उन्हाला बसतात, ऊन सरकलं की खुर्ची सरकवतात. सावळीराम खुर्चीच्या पायांशी चुन्याच्या डबीतल्या चुन्यानं खुणा करू लागला.

"तिरडीसाठी माझी मापं घेतोस की काय रे?" काकांनी विचारलं.

"तुमची नाय काका, उन्हाची."

"बरं. मला वाटलं, खंडेरावनं परस्पर ठराव केला."

चौथ्या दिवशी खुणा सर्वांत दाट दिसल्या त्या पार्किंग क्रमांक सातच्या कडेला; ऊन तिथं सर्वांत जास्त वेळ थांबत होतं. ती जागा खंडेरावांची.

"ती मला अलॉट झालेली आहे," खंडेराव म्हणाले. "तिथं झाडं लावायची तर माझी लेखी हरकत राहील."

सावळीरामनं वाद घातला नाही. त्यानं गाडीच्या बॉनेटकडे बोट केलं. मरून रंग विटून विटकरी झाला होता. "साहेब, गाडीला बी ऊन मानवत नाय. ती मागच्या पट्ट्यात लावा. दिवाळी ते होळी तिथं सावलीच हाय."

"आणि उन्हाळ्यात माझं वाळवण?" बयाबाईंनी विचारलं.

"गाडीच्या टपावर घाल," काका म्हणाले. "दुपारच्या आत वाळेल."

खंडेरावांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. बोटाला रंगाची भुकटी लागली. ती रुमालाला पुसून ते म्हणाले, "तात्पुरत्या स्वरूपात."

सावळीरामनं पेव्हर ब्लॉक काढले, मुरूम उपसला, काळी माती आणि शेणखत भरलं, गुलाब गुडघ्याएवढे छाटून तिथं हलवले. मागच्या पट्ट्यात गाडीसाठी सोडून उरलेल्या जागेत अळू लावला. अळूला शोभेचं झाड म्हणायचं का, यावर समिती विचार करत होती, तोवर बयाबाईंनी दोनदा वड्या केल्या.

सव्वीस जानेवारीला झेंड्यापाशी पाच फुलं होती. करार वर्षानं वाढला. सोसायटीच्या मंजूर नकाशात क्रमांक सात हे चारचाकी वाहनाचं पार्किंग आहे. तिथं अकरा गुलाब आहेत.