सिस्टरबाईंचं हत्यार

खंडेनवमीला आम्ही माळी लोक विळे-खुरपी धुऊन पुजतो आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाही. आमच्या मळ्याशेजारी एक निवृत्त लष्करी परिचारिका राहायच्या. त्या काय पुजत असतील, याचं मला फार कुतूहल होतं. पासष्टच्या युद्धात सीमेजवळच्या तंबूतल्या इस्पितळात गेलेल्या पहिल्या काही बायकांपैकी त्या एक. आता विळा लागलेल्या मजुरांच्या जखमा ओट्यावर बसून फुकट बांधायच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. लढाईबद्दल विचारलं की म्हणायच्या, "आधी हात धुऊन ये."

नव्वदचं दशक संपता संपता आईला अर्धांगवायू झाला. पेल्यानं पाणी पाजलं की तिला ठसका लागायचा. नवमीला झेंडूला चांगला भाव, म्हणून मी सकाळपासून नाशिकच्या फुलबाजारात अडकलो. आईला सोडून जायला नको होतं, हे मला जातानाच कळत होतं. दुपारी परतलो तर तिचे ओठ सुकलेले, आणि बायको चमचा हातात धरून रडकुंडीला आलेली. मी तसाच सिस्टरबाईंकडे धावलो.

पाटावर त्यांची हत्यारं मांडली होती: पट्ट्या कापायची कात्री, चिमटा आणि किटलीसारखी तोटी असलेला एनॅमलचा कप. तिन्हींवर हळदकुंकू. मी आईचं सांगितलं. त्यांनी सरळ कप उचलला.

माझ्या तोंडून गेलं, "बाई, आजच पुजलाय ना तो?"

"तुझी आई दसऱ्यापर्यंत थांबेल का?"

घरी येऊन त्यांनी कप धुतला, आईला उशांना टेकवून बसवलं, हनुवटी खाली घेतली आणि तोटीतून अगदी थोडं पाणी सोडलं. ते गिळून होईपर्यंत थांबल्या. मग पुन्हा थोडं. ठसका लागला नाही.

मला राहवलं नाही. हा कप लढाईतला का, असं विचारलं. या वेळी हात धुऊन ये न म्हणता त्यांनी सांगितलं. शत्रूच्या पकडून आणलेल्या एका जखमी, पोरसवदा सैनिकाला त्यांनी यातून पाणी पाजलं होतं, तेव्हा शेजारच्या खाटांवरचे आपले जवान चिडले होते.

"मग?"

"मग त्यांनाही यातूनच पाजलं."

कपाच्या कानाशी थोडं कुंकू राहिलं होतं, ते आईच्या हनुवटीला लागलं. मी पुसायला हात पुढे केला. तिनं चांगल्या हातानं तो बाजूला सारला आणि कपाकडे बोट दाखवलं. तिला अजून पाणी हवं होतं.