मामांचं बोट

मामांच्या उजव्या हाताचं बोट हे आमच्या पनवेलच्या प्रयोगशाळेतलं सर्वांत भरवशाचं उपकरण होतं. कुणीही जेल तयार केलं की मामा हातमोजा चढवून त्यावर बोट टेकवत आणि निकाल देत, “हा उभा राहील,” नाहीतर “नुसता पाणी हाय.” हुद्द्याने ते प्रयोगशाळा सेवक. घर उरणकडचं, तरुणपण मिठागरात गेलेलं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. सुईने जखमेत सोडता येईल आणि आत गेल्यावर पुन्हा घट्ट होईल, असं जेल मला बनवायचं होतं. दोन चकत्यांमध्ये जेल ठेवून वरची चकती फिरवली की यंत्र त्याचा ताठपणा सांगे. पण एकाच बरणीतलं जेल दर वेळी वेगळाच आकडा देई. शेवटी सरांनी बजावलं, “या आठवड्यात आकडे जुळले नाहीत तर विषय बदला.” तीन वर्षं पाण्यात जाणार होती. मी यंत्रापुढे बसून चक्क रडले.

सांत्वन हा मामांचा प्रांत नव्हता. ते म्हणाले, “बाय, तू त्याला चेपतेस नि लगेच फिरवतेस. दमलाय तो. जरा निजू दे.”

मला रडता रडता हसू आलं. मामा मात्र गंभीर होते. “मिठागरात आमी चिखल तुडवायचो. लगेच पाणी सोडला तर तळ फुटायचा. आधी बसू द्यायचा.”

जेल सुकू नये म्हणून त्यांनी कडेला ओला कापूस ठेवला, झाकण लावलं आणि बाहेर जाऊन चहा टाकला. चहा संपल्यावरच मला यंत्र सुरू करू दिलं. असं पाच वेळा केलं. पाच चहा झाले आणि पाचही आकडे जुळले. पुस्तकातही हे लिहिलेलं होतं म्हणा; ते पान मी घाईत उलटलं होतं.

गेल्या वर्षी साखरेमुळे मामांच्या पायाची जखम चिघळली. मी दवाखान्यात गेले तेव्हा नर्सने जेलची पट्टी आणली होती. मामांनी ती पाकिटावरूनच दाबून पाहिली. “आपला नाय हा. आपला लवकर सावरतो.”

मी हसले आणि घड्याळ बघून उठले. वर्ग घ्यायचा होता.

“आताच आलीस ना, बाय? बस जरा.”

“रविवारी येते, मामा.”

शनिवारी मामा गेले.

आता माझे विद्यार्थी जेल ठेवतात, कडेला ओला कापूस लावतात आणि मी चहा टाकते. जेलला मी दहा मिनिटं न चुकता देते. मामांना तेवढीही दिली नाहीत, हे काही केल्या मनातून जात नाही.